दामल्यांचा कोप्फकिनो

चित्रपटगृहातले दिवे मालवले की आमचे शेजारी दामले यांचे बोलणे सुरू होते. पडद्यावर जे सर्वांना दिसत असते, तेच ते शेजारी बसलेल्या वहिनींना सांगतात : "ती खिडकीपाशी आली. साडी हिरवी. अजून रडत नाहीये."

इथे आखातात, अल गराफात, आमच्या दोन घरांत एकच भिंत. जर्मन पंपांच्या दुरुस्तीत हयात घालवल्यामुळे दामल्यांना शब्दही खोलून पाहण्याची सवय. "आधी सुटे भाग करा, मग बोला!" हे त्यांचे पालुपद. लाडका शब्द कोप्फकिनो; डोक्यात चालणारा सिनेमा. आमच्याकडे जेवायला आले असता बिर्याणी निवेपर्यंत त्यांनी तो खोलला होता.

"किनो ग्रीकमधून आला, मूळ अर्थ हालचाल. कोप्फ म्हणजे डोकं, पण मुळात प्याला! लॅटिनमधला. जर्मनांनी तोच धडावर बसवला. आता सांगा, प्याला आपोआप भरतो का? कोणाला तरी ओतावं लागतं."

"यल्ला, आधी ताटं भरू या," माझी पत्नी म्हणाली.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाने मॉलमध्ये मराठी चित्रपट ठेवला. मी कार्यवाह. मागच्या रांगेत दामले सुरू झाले, तेव्हा मी वळून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "दामलेसाहेब, खलास, पुरे! आम्हांला डोळे आहेत."

सभागृह हसले. दामले गप्प झाले.

पुढच्या विनोदाला वहिनी हसल्या, पण सर्वांच्या नंतर; आणि त्यांचा चेहरा पडद्याच्या जरा डावीकडे होता. मध्यंतरात दामल्यांनी त्यांची बोटे अलगद धरून चहाच्या कपापर्यंत नेली. मी पाहतो आहे हे ओळखून ते माझ्याजवळ आले.

"वर्ष झालं. कुठे बोलू नका. तिला कीव नकोय."

"साहेब, मघाशी मी..."

"तुमचंही बरोबरच. आम्ही निघतो. पिक्चर रटाळ आहे, असं सांगतो तिला."

"पाचच मिनिटं थांबा," मी म्हणालो. दिवे मालवताच मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो, चष्मा काढून खिशात ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "साहेब, चष्मा घरी राहिला. काय चाललंय, सांगत राहाल का?"

"मघाशी तर डोळे होते!" कोणीतरी टोमणा मारला.

"चुकलो," मी म्हणालो.

दामले खाकरले. "बस आली. नायक चढला."

"रंग सांगा," वहिनी हळूच म्हणाल्या.

"बसचा?"

"नाही हो. भावजींच्या चेहऱ्याचा."

पडद्याच्या उजेडात दामल्यांनी मला न्याहाळले. "लाल आहे," ते म्हणाले, "पण निवळतोय."