खिडकीखालची चटई

दसरा तोंडावर आला तरी वेदिका चटईवर बसली नव्हती, आणि ही गोष्ट तिच्या सासूच्या आधी शेजारच्या शोभाताईंच्या लक्षात आली.

त्याला कारण होतं. नंदनवन वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये यमुताईंचा नियम असा, की पाळी आली की घरातल्या बाईने पुढच्या खोलीत, खिडकीखाली पिवळी चटई टाकून बाजूला बसायचं. चार दिवस स्वयंपाकघर, देव आणि लोणच्याची बरणी यांना हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी चटई धुऊन गॅलरीत वाळत पडायची, आणि शोभाताई आपल्या गॅलरीतून ती पेपरसारखी वाचायच्या.

"यमुताई, महिन्यातून दोनदा वाळायची ना वं तुमची चटई? आता एकदाच दिसून राहिली."

"ती माझी," यमुताई म्हणाल्या आणि एकदम थबकल्या. "म्हणजे सुनेची... अगं बाई!"

यमुताईंची स्वतःची चटई मात्र पंचांगासारखी चुकत नसे. पन्नाशी उलटून काही वर्षं झाली तरी नेम मोडला नव्हता. योगायोग एवढाच, की ती नेमकी पाहुणे यायच्या दिवशी पडायची. यंदा तर गणपतीतल्या महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच पडली आणि चाळीस पानांचं पुरण वेदिकाने एकटीने घाटलं. यमुताई चटईवरून फक्त "वेलची टाकली का?" एवढं विचारत होत्या.

खरं म्हणजे वेदिकाचं सगळं वेळच्या वेळी चालू होतं. तिने राखीपासून सांगणं तेवढं सोडलं होतं. दिवसभर ऑफिसात खपून यायचं आणि दारात येणाऱ्या दूधवाल्यापासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांना कळेल अशा जागी ताट घेऊन बसायचं, याचा तिला वीट आला होता. नवऱ्याला, गौरांगला, हे ठाऊक होतं. तो बिचारा दोन्हीकडून गप्प होता.

संध्याकाळी वेदिकाच्या हातातून बादली काढून घेण्यात आली. दुसऱ्या दिवशी डब्यात चिंचेचं सार आलं. तिसऱ्या दिवशी तिची आई मौद्याहून डिंकाचे लाडू घेऊन हजर झाली, आणि सासरे विश्वनाथराव, ज्यांनी आयुष्यात स्वतःचा चहा केला नव्हता, ते तिला म्हणाले, "बेटा, काही खावंसं वाटलं तर सांगत जा."

"सांगून दे ना आईले," गौरांग कुजबुजला.

"तूच सांग. तुझी आई आहे."

"मी? पागल झाली काय तू?"

अडचण साधी नव्हती. 'मी गरोदर नाही' म्हणायचं तर 'पाळी आली होती' म्हणावं लागणार. पाळी आली होती म्हटलं, की कधी, असं विचारणार. आणि कधी, याचं खरं उत्तर होतं: महालक्ष्म्यांच्या दिवशी, पुरण घाटताना. चाळीस माणसं ते पुरण वाटीने मागून खाऊन गेली होती. त्यांच्यात यमुताईंची कडक सोवळं पाळणारी नणंदही होती.

शेवटी वेदिकाने शक्कल लढवली. गौरांगकरवी मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणवली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आई, नाही आहे काही. एकच रेघ आली."

तिला वाटलं, सुटले. पण यमुताईंचा चेहरा उतरला आणि मग पांढरा पडला.

"पोटात बाळ नाही अन् दोन महिने पाळी बी नाही? मग काहून थांबली वं? काही गाठ-बिठ तर नाही ना?"

त्या रात्री यमुताई जेवल्या नाहीत. सकाळी वेदिकाने त्यांना देवापुढे बसून डोळे पुसताना पाहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. अकरा वाजता दोघी डॉक्टर रोशनींच्या दवाखान्यात होत्या.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे पाहा, पाळी चुकली म्हणजे दिवसच गेले असं नसतं. टेन्शन असतं, थायरॉइड असतं, वजन कमी-जास्त होतं. तपासलं की कळतं. वेदिका, शेवटची पाळी कधी आली होती?"

यमुताईंनी सुनेचा हात घट्ट धरला होता. वेदिकाला ते सहन होईना.

"महालक्ष्म्यांच्या दिवशी," ती म्हणाली. "आई, मी सांगितलं नाही. पुरण मीच घाटलं होतं."

यमुताईंचा हात सुटला.

"म्हणजे पाळी चुकलीच नाही," डॉक्टर हसल्या. "चला, काळजी मिटली! आणि यमुताई, तुमचं काय? दिवाळीला वर्ष होईल ना पाळी बंद होऊन? अंगातून गरम वाफा येतात म्हणत होतात, त्या कमी झाल्या का?"

यमुताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असं पाहिलं, जणू प्रश्न त्यालाच विचारला होता.

दोघी घरी जायला ऑटोत बसल्या.

"आई, मग महालक्ष्म्यांच्या दिवशी तुम्ही चटईवर...?"

"तीस वर्षं चाळीस पानं वाढली मी," यमुताई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "कंबर मोडली वं. बंद झाल्यावर समजलं, आता मरेपर्यंत सुट्टी नाही. देवीची माफी मागितली अन् टाकली चटई."

"आणि जिला खरंच पाळी होती, ती मी काम करत होते."

"वेडी कुठली! हक्काचा आराम भेटून राहिला, तो बी सोडला!"

आधी वेदिकाला हसू फुटलं, मग यमुताईंना. दोघी इतक्या हसल्या, की ऑटोवाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

"पण आई, ते खिडकीखाली बसणं नको. अन् शिवायचं नाही, तेही नको."

"बरं. चटई आतल्या खोलीत टाकू. टीव्हीसमोर. पण घरात काही सांगू नको. शोभाताईले तर मुळीच नाही."

पुढच्या महिन्यात आतल्या खोलीत दोन चटया पडल्या, एकाच दिवशी. लोणच्याची बरणी मधोमध होती. स्वयंपाकघरात विश्वनाथराव कुकरशी झटापट करत होते आणि गौरांग कांदा कापत रडत होता.

"काय गा गौरांग," तिसरी शिट्टी झाल्यावर विश्वनाथराव दबक्या आवाजात म्हणाले, "तुझी आई आता पंचावन्नले टेकली. हे बायकांचं बंद कधी होते?"

आतून टीव्हीचा आवाज कमी झाला.

"आमच्या माहेरी फार उशिरा होते जी," यमुताई म्हणाल्या. "अन् खिचडीत हिंग टाकलं का?"