शेवटच्या डब्यातले भारंबे

भुसावळचे निवृत्त रेल्वे गार्ड श्री. भारंबे रोज दुपारी डब्लिनमधल्या आमच्या इमारतीच्या गॅलरीत उभे राहून समोरून तीन तासांवरच्या स्लायगो शहराकडे जाणाऱ्या गाडीला शिट्टी फुंकून हिरवे निशाण दाखवीत. निशाण म्हणजे त्यांच्या सुनेचा स्वयंपाकघरातला हिरवा टॉवेल. परक्या देशाच्या धावत्या गाडीला कोणताही अधिकार नसताना इशारा देणे हे बेकायदेशीरच असले पाहिजे, असे माझे मत होते, आणि ते मी त्यांना लेखी कळवले.

महानगरपालिकेच्या विधी विभागात मी तेहतीस वर्षे काढली आहेत. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलो आणि टाळेबंदीने मला सव्वा वर्ष डांबून ठेवले. विमाने बंद, दुकाने बंद, पाहुणा म्हणून देशात कोणी फिरकत नव्हते, आणि घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाण्यास मनाई. हे पाच किलोमीटर घराच्या दारापासून मोजायचे की इमारतीच्या फाटकापासून, अशी विचारणा करणारी तीन पत्रे मी संबंधित खात्याला पाठवली. तिन्हींची पोच मिळाली. उत्तर एकाचेही नाही. अशा मनःस्थितीत शेजारचा माणूस रोज शिट्टी फुंकत असेल, तर संयमालाही मर्यादा असते.

भारंब्यांनी माझे पत्र उभ्या उभ्या वाचले आणि घडी घालून खिशात ठेवले.

"अक्षर झकास आहे साहेब तुमचं. पण त्या गाडीले गार्डच नाही. पुढे एक ड्रायव्हर, मागे कोणी नाही, आत माणूस नाही. अशी कशी जाऊ द्यायची?"

"ती तुमच्या परवानगीने जात नाही," मी म्हणालो.

"तेच तर म्हणतो मी."

चौतीस वर्षे हा मनुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात बसला. सारा देश त्याने मागे मागे जातानाच पाहिला. आम्ही कालव्याकाठी फिरायला जात असू, तेव्हा ते माझ्यामागे दहा पावले चालत. "गार्डाची जागा मागेच," म्हणत. अंतर राखण्याचा सरकारी नियम आमच्या इमारतीत त्यांच्याइतक्या काटेकोरपणे कोणीही पाळला नाही, हे मला नमूद केलेच पाहिजे.

गाडीचा मागचा लाल दिवा नजरेआड झाला की ते एका जाड डायरीत वेळ टिपत आणि मोबाईलवर लिहीत: "गाडी सोडली." संध्याकाळी स्लायगोहून उत्तर येई: "पूर्ण पोचली." मागचा दिवा दिसला म्हणजे गाडी सगळ्या डब्यांसह आली, वाटेत काही तुटून राहिले नाही, असा हिशेब त्यांनी मला समजावला. उत्तर पाठवणारी त्यांची मुलगी सुषमा. स्लायगोच्या रुग्णालयात ती डॉक्टर होती, आणि वडिलांनी तिला वर्षभर पाहिले नव्हते. बापाचे खूळ लेकीतही उतरले आहे, असा मी निष्कर्ष काढला.

शिट्टी थांबेना, तेव्हा मी इमारतीच्या व्यवस्थापनासाठी सात कलमी तक्रार तयार केली. इथे 'ठीक' या अर्थी 'ग्रँड' म्हणतात; माझी लेकही त्याच भाषेत म्हणाली, "बाबा, सोडा ना. तो माणूस ग्रँड आहे, तुम्हीही ग्रँड आहात. कशाला उगाच?" मी सोडणार नव्हतो. परंतु त्याच आठवड्यात एके संध्याकाळी "पूर्ण पोचली" आले नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही.

तिसऱ्या दुपारी भारंब्यांनी निशाण दाखवले, पण शिट्टी वाजली नाही. मी गॅलरीत गेलो.

"फोन करा तिला."

"केला. उचलत नाही." ते टॉवेलाची घडी घालत होते, मोडत होते. "तशी तिनं मनाच केलीय मले. म्हणे, आप्पा, रोज 'कशी आहेस' विचारू नका. दिवसभर पेशंटच्या घरच्यांना ते कसे आहेत हे मीच सांगत असते. घरी आल्यावर माझ्यात बळ राहत नाही. म्हणून मग मी तिले नुसतं गाडीचं विचारतो."



संध्याकाळी भारंब्यांनी माझे दार ठोठावले आणि मोबाईलवरचा सुषमाचा निरोप पुढे धरला. "दोन दिवस सायडिंगला, बाजूच्या रुळावर उभी होते. ताप होता, उतरला. पूर्ण पोचली." त्यांनी ते मला दोनदा वाचायला लावले. त्यांच्या पाठीमागे दार लावून मी तक्रार फाडली. कारण नोंदवले नाही.

पुढे जिल्ह्याबाहेर जाण्याची मुभा मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात भारंबे मला घेऊन स्लायगोच्या गाडीत बसले. अर्थातच शेवटच्या डब्यात, इंजिनाकडे पाठ करून. एकाआड एक आसनांवर पट्ट्या चिकटवलेल्या. आम्हा दोघांखेरीज डब्यात मास्क लावलेल्या एक आजीबाई. कोणी पाहायला न आलेला तो देश तीन तास आमच्यापासून दूर जात राहिला: मेंढ्या, कुलूपबंद पब, शॅनन नदी, आणि दोन भाषांत नावे लिहिलेली, एकाही भाषेत वाचायला कोणी नसलेली स्टेशने.

मी उलटतपासणी घेतली. "सुषमा रोज स्टेशनवर जाऊन दिवा पाहते?"

"कुठची, साहेब. मधे चार दिवस गाडी रद्द होती, तरी 'पूर्ण पोचली' लिहिलं पोरीनं."

"आणि तुम्ही?"

"मी मोबाईलवर 'सोडली' लिहिलं होतं ना."

स्लायगोला आजीबाई उतरल्या. मी उतरलो. भारंबे उतरेनात. "व्हा पुढे. गार्ड शेवटी," म्हणाले खरे, पण पिशवीत कोंबलेला टॉवेल पुन्हा बाहेर काढून त्याची घडी घालत बसले. फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडून एक तरुणी येताना दिसली. पुढच्या डब्यांकडे तिने पाहिलेही नाही. सरळ शेवटच्या दाराशी येऊन थांबली.

भारंबे उतरले. तिने घड्याळ पाहिले. मग ती म्हणाली, "गाडी लेट आहे आप्पा. नऊ मिनिटं."

"वाळलीस," ते म्हणाले.

त्यांनी डायरी काढली, घड्याळ पाहिले आणि लिहिले: "राइट टाइम. पूर्ण पोचली." चौतीस वर्षांत आपण एकही खोटी नोंद केली नाही, असे मला किमान वीस वेळा सांगितलेला हा मनुष्य. त्याने पेन माझ्यापुढे धरले.

साक्षीदार म्हणून मी खाली सही केली.