नऊ झाडांचा दाखला

ढवळे सर कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. घरधनी "या, या" म्हणून घोंगडी झटकत असायचा आणि सर उंबऱ्यात उभे राहून तुळया, वासे, कौलं नीट निरखत असायचे. मग बसायचे, पण दाराच्या अगदी जवळ. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "समजा, तुळई आली खाली."

"सर, तीस वर्षं झाली ह्या तुळईला."

"म्हंजे झालीच की तिची येळ."

राजूरच्या शाळेत ते गणित शिकवत. 'समजा' हा शब्द त्यांना बीजगणितानं दिला की तो त्यांच्याकडे आधीपासूनच होता, हे सांगता येणार नाही. फळ्यावर 'समजा, एका टाकीला दोन नळ आहेत' असं लिहून झालं की ते क्षणभर थांबत, आणि टाकी फुटली तर काय, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसे. मुलं त्यांना मागे 'समजा सर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

माणूस खर्ड्याकडचा. पंचेचाळिशीला आलेला, एकटा. लग्नाचं का राहिलं ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. मुलगी बघायला गेले होते. तुम्हीही काही विचारा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "समजा, घराला आग लागली, तर तुमी आधी काय बाहेर काढाल?" मुलगी म्हणाली, "मला," आणि उठून आत गेली.

"उत्तर बरोबर हुतं तिचं," सर म्हणाले. "मी पसंत केली हुती. तिनं न्हाई केलं."

अशा ह्या भित्र्या माणसाच्या हातात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली आली, की मात्र तो वेगळाच दिसे. लहानपणी माळावर शेळ्यांमागे हिंडताना त्यांनी एक खेळ काढला होता. जेवणाची ताटली घ्यायची, तिचा काठ दगडानं ठोकून आत वळवायचा आणि लांबच्या बाभळीवर नेम धरून ती भिरकावायची. पडेल तिथून पुन्हा फेकायची. कमीत कमी फेकीत जो झाड गाठेल तो जिंकला. राजूरला ते शाळेच्या पटांगणात संध्याकाळी एकटेच खेळत. मी त्या वर्षी नवा लागलो होतो, विज्ञान शिकवायचो. एक दिवस ताटली माझ्या पायाशी येऊन पडली. मी ती परत फेकली, आणि अडकलो.

ते बहात्तर साल. दिवाळीनंतर मला एक कल्पना सुचली. शाळेमागची टेकडी गर्द झाडीची. तिथं नऊ झाडं निवडायची, प्रत्येकाच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारायचा, एका झाडापासून दुसऱ्या झाडावर ताटली मारत सगळी टेकडी पार करायची, आणि संमेलनात मुलांची स्पर्धा घ्यायची. मी दोन आठवडे खपून झाडं ठरवली, पट्टे मारले आणि हेडमास्तरांना सांगितलं.

हेडमास्तर सावध गृहस्थ. म्हणाले, "वाकचौरे, तुमची नोकरी अजून कच्ची आहे. पोराचा पाय मोडला तर तुमचं काय होईल ते मला सांगायला लावू नका. ढवळ्यांनी जागा तपासून लेखी दिलं, तर घ्या स्पर्धा."

त्यांनी तपासायला जगातला नेमका कोणता माणूस निवडला होता, हे घरी गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

पहिल्या रविवारी सकाळी सर आले ते काठी, दोर, शिट्टी, हळदीची पुडी आणि काखेत ताटली घेऊन. पहिलं झाड आंब्याचं, चढावर, साठ पावलांवर. सरांनी बोट ओलं करून वर धरलं.

"वारा दरीतनं येतोय. ताटली डावीकडं वढली जानार. पट्ट्याच्या उजवीकडं नेम धराया लागंल. पोरास्नी हे कळायला दोन फेकी जातील. चांगलं हाय."

मी खूश झालो.

"पन समजा, ह्या मुळीत पाय अडकला."

दुसरं झाड दोन ऐनांच्या पलीकडे होतं. दोन बुंध्यांमध्ये खाटेएवढी फट, तिच्यातून ताटली जायला हवी. सरांनी डोळे बारीक केले, कमरेत वळले आणि ताटली त्या फटीतून अशी निघून गेली, की पानसुद्धा हललं नाही. पलीकडे टण्‌ आवाज आला. ते हसले. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"ही फट कुनी शोधली?"

"मीच."

"नजर हाय तुमाला." मग त्यांनी वर पाहिलं आणि हसू गेलं. "मोहळ हाय का वो ते?"

ते मोहळ नव्हतं, वाळलेल्या पानांचा झुबका होता. पण सरांनी वहीत 'मोहळ (संशय)' असं लिहिलं. तिसरं झाड उतारावर. तिथं ताटली काठावर पडली की गाडीच्या चाकासारखी घरंगळत जाई. "तिच्या मागं पोरगं पळनार. समजा, पोरगं थांबलंच न्हाई." चौथं झाड मी मुद्दाम सपाटीवर घेतलं होतं. ते पाहून सर चक्क रागावले.

"हितं काय करायचं खेळाडूनं? हितं माझी आजीबी मारंल."

"सुरक्षित आहे ना सर!"

"सुरक्षित हाय, पन खेळ न्हाई."

"मग तुम्हाला पाहिजे काय? खेळ की सुरक्षित?"

"दोन्ही," ते शांतपणे म्हणाले आणि करवंदाच्या जाळीत काठी घालून असलंच तर वाघरू हुसकू लागले. जाळीतून एक तितर उडालं. दोघंही मागच्या मागे पडलो.

पुढच्या रविवारी मी मुळ्या उकरून काढल्या, उताराखाली काट्यांचं कुंपण घातलं, चौथं झाड बदलून हिरडा धरला. सरांनी नवव्या झाडापर्यंत खेळून पाहिलं. मला वाटलं, झालं. पण तिसऱ्या रविवारी त्यांना पाचव्या झाडाजवळची फांदी पोकळ वाटली. चौथ्या रविवारी सातवं झाड वळणाआड असल्यानं पलीकडे कोण उभं आहे ते फेकणाऱ्याला दिसत नाही, असं निघालं. पाचव्या रविवारी म्हणाले, नववं झाड पहिल्यापासून फार लांब आहे, दमलेली पोरं परत येताना पडतील.

आणि वाईट म्हणजे त्यांचं भय मला लागलं. वर्गात शिकवताना माझं लक्ष टेकडीकडे. प्रत्येक वाळकी वेल मला साप दिसू लागली. जेवताना घास हातात धरून मी आईला विचारलं, "समजा, एखादा पोरगा घसरला..." आई म्हणाली, "तुलाबी लागलं व्हय रे ते?"

शनिवारी हेडमास्तरांनी बोलावलं. "सोमवारी सकाळी लेखी माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर खेळ रद्द, आणि एक महिना टेकडीवर काय करत होता ते मी वरिष्ठांना काय सांगू, याचा तुम्हीच विचार करा."

सहाव्या रविवारी आम्ही चढलो तेव्हा मी घाईनं पुढे पळत होतो. सर मात्र निवांत. प्रत्येक झाडाशी थांबत, वारा बघत, दोन-दोनदा फेकत. आठव्या झाडापाशी त्यांनी काठीनं माती टोकरली आणि म्हणाले, "ही जमीन भुसभुशीत वाटती. फुडल्या रविवारी एकदा..."

मी ओरडलोच. "सर, तुम्हाला दाखला द्यायचाच नाही! नसेल द्यायचा तर सरळ सांगा. माझी नोकरी जाईल इथं!"

सरांनी ताटली खाली ठेवली. कोटाच्या आतल्या खिशात हात घालून एक घडीचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. चौकटीचा, गणिताच्या वहीतला. घड्यांवर मळलेला.

'नऊही झाडे खेळाडू म्हणून खेळून पाहिली. दुसरे झाड उत्तम. चढ-उतार दमवतात, पण कुणावर अन्याय करत नाहीत. जागा मुलांस खेळण्यास योग्य आहे.' खाली सही. तारीख दुसऱ्या रविवारची.

"हा चार आठवडे तुमच्या खिशात आहे?"

"व्हय."

"मग दिला का नाही?"

ते दरीकडे वळले. "भाऊ आन्‌ वयनी हायेत मला. औंदा पानी न्हाई, ऊसतोडीला गेले. कुठल्या कारखान्यावर, ठावं न्हाई. घराला कुलूप हाय. सुट्टीत जाऊन कुनाला भेटू?" मग खाली ठेवलेली ताटली उचलत म्हणाले, "शाळेचे दिस निघत्यात वो. रविवार लई मोठा असतो. दाखला दिला असता, तर तुमी कशाला आला असता वर?"

माझा राग जायला जागाच उरली नव्हती. आम्ही नववं झाड खेळलो. ते जिंकले.

दाखला सोमवारी टेबलावर गेला. स्पर्धा झाली. चाळीस मुलं-मुली टेकडीवर ताटल्या भिरकावत सुटली, आणि सर पहिल्यापासून नवव्या झाडापर्यंत शिट्टी तोंडात धरून पळत होते. एका मुलीला करवंदाचा काटा लागला, एवढंच. त्या एका काट्यावर सरांनी हळदीची अख्खी पुडी संपवली. हेडमास्तर माझ्या पाठीवर थाप मारून गेले. माझी नोकरी राहिली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी सरांच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. ते खाटेवर बसून कोऱ्या वहीवर रेघा मारत होते. मला पाहून दचकले.

"काय झालं? कुनी पडलं का?"

"कुणी नाही. चला."

"कुठं? तुमची जागा तर झाली तपासून."

"ओढ्यापलीकडची टेकडी बघितलीय मी. पहिल्यापेक्षा उभी आहे. झाडं अजून ठरवायचीत. दोघांशिवाय जमायचं नाही."

ते उठले. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ वळलेच नाहीत. शेवटी मी हाक मारली.

"आलो, आलो," ते तसेच उभ्याउभ्या म्हणाले. "टोपी सापडंना."

टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. मी पायरीवर बसलो आणि त्यांना हवा तेवढा वेळ टोपी शोधू दिली.