रस्सा दिसला नाहीं त्याची हकीकत

श्री. जो अग्नी अन्न शिजवितो आणि जो समुद्र त्यास मीठ देतो, त्या उभयतांस वंदन करून लिहिलें ऐसीजे. शके अठराशें पंचावन्न, श्रीमुखनाम संवत्सरे, समुद्रापलीकडील एका मुलखीं हॉकियन नामें चिनी कुळीचे दोघे बंधू दोन चुलींच्या गाद्या चालवीत होते. वडील ओंग तेक-सून यांची गादी उत्तरेच्या बेटावर आणि धाकटे तेक-हाय यांची दक्षिणेच्या बेटावर. पदार्थ उभयतांचा एकच, कोळंबीच्या शेवया. परंतु उत्तरेस कोळंबीचीं डोकीं आणि टरफलें भाजून, कुटून, उकळून तांबडा रस्सा करीत आणि वाडगा काठोकाठ भरीत, आणि पाहुणा थोर असला तर यजमान स्वहस्तें पळीभर वर घालीत. पाहुण्यास रस्सा न वाढणें म्हणजे त्यास दारांतून परत लावणें, ऐसा तेथील दंडक.

धाकटे आपली निराळी रीत काढूं म्हणोन दक्षिणेस गेले, त्यास बारा वर्षें जाहलीं. मग पत्र नाहीं, निरोप नाहीं. तेक-सून सणावारीं एक वाडगा अधिक मांडवीत आणि तो आपणच उचलून ठेवीत. अखेर मातोश्री अंथरुणास खिळल्या आणि धाकट्यास दृष्टीस पाडा म्हणोन ध्यास घेतला, तेव्हां तेक-सून वृद्ध कारभारी गोह यांस संगें घेऊन निघाले. वाटेंत मधल्या शहरीं दाट काळ्या रसांत परतलेल्या शेवया पुढें आल्या. गोह म्हणाले, "धनी, या शेवया कीं दिव्याची काजळी?" आणि दोन ताटें फस्त केलीं.

मग दक्षिणेस पावले. तेक-हाय उंबऱ्यापर्यंत सामोरे आले, पायां पडले आणि तडक चुलीपाशीं गेले, ते दोन प्रहरीं ताट घेऊन बाहेर आले. पानावर पिवळ्या आणि पांढऱ्या शेवया, वर कोळंबी, कडेस लिंबाची फोड आणि तिखट. वाडगा नाहीं, पळी नाहीं. तेक-सून यांनीं बहुत वेळ पाहिलें आणि अंतःकरण जड होऊन हळूच बोलिले, "बारा वर्षांनीं दारीं आलों, तर रस्साही काढून घेतलास?"

धाकट्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "दादा, एक घास घ्या. मग बोला."

तें तेक-सून यांस टोचून बोलणें वाटलें. जेवावयाच्या काड्या पानावर आडव्या ठेविल्या आणि उठले, आणि मातोश्रींचा निरोप मुखींच राहिला. गलबत खाडीबाहेर पडल्यावर गोह खालीं पाहून म्हणाले, "धनी, मागें राहून आपलें ताट मीं संपविलें. रस्सा सारा शेवयांच्या पोटांत होता. झांकण घालून घालून मुरविला होता. इतका रस्सा आपण कोणास वाढीत नाहीं." तेक-सून यांनीं गलबत फिरवा म्हटलें, परंतु शिडांत दक्षिणेचा वारा भरला होता, आणि तांडेल हंसला.

मग क्षमेचें पत्र धाडिलें, बोलावणें धाडिलें. तें पावण्याआधींच मातोश्री दाराकडे पाहत निवर्तल्या. तें वर्तमान सांगावयास तेक-सून पुनः दक्षिणेस गेले. उभय बंधू गळां पडून रडले. मग तेक-हाय यांनीं वाडगा आणिला, काठोकाठ तांबडा, आणि स्वहस्तें पळीभर वर घातला.

तेक-सून म्हणाले, "तें दुसरें कर ना, रे. त्या दिवशींचें."

"तें बंद केलें, दादा. आपण उठून गेलां, मग हात चालेना."

तेक-सून वाडगा तळापर्यंत प्याले. रस्सा थेट घरचा होता, बोट ठेवावयास जागा नव्हती.

सारांश, दोन्ही गाद्यांवर उत्तरेची रीत कायम जाहली. दक्षिणेच्या इतर चुलींनीं धाकट्यांची रीत आधींच उचलिली होती, तेथें त्या मुरलेल्या शेवया अद्यापि होतात आणि लोक वाखाणितात. तेक-सून यांनीं ठिकठिकाणीं मागवून खाल्ल्या, आणि घरीं परतून गोह यांस वारंवार विचारीत कीं त्या ताटाची चव कैसी होती. गोह म्हणत, "चांगली होती, धनी." त्याहून अधिक त्यांस सांगतां येत नसे. इतुकें वर्तमान.