दाराबाहेरचा श्रोता

आमचे शेजारी आप्पासाहेब मगदूम आपल्या मुलीच्या पियानोवादनाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेचे तिकीट काढतात, ते खिशात ठेवतात आणि कार्यक्रम संपेपर्यंत नाट्यगृहाच्या दाराबाहेर उभे राहतात. तिकीट हा श्रोता आणि संयोजक यांच्यातील करार असून आपण तो दर वर्षी एकतर्फी मोडत आहात, हे मी त्यांना अनेकदा बजावले आहे. त्यावर त्यांचे उत्तर एकच. "असूं दे की. खुर्ची कुठं पळून चाललीया?"

आप्पासाहेबांचे आयुष्य गुळाच्या अडतीत गेले. मार्केट यार्डात सौदे पुकारून त्यांचा आवाज असा झाला आहे की, त्यांनी मला कानात सांगितलेली गोष्ट पलीकडच्या गल्लीला आधी कळते. मुलगी वैजयंती परदेशात असते. तिकडे तिचे नाव आहे. हिवाळ्यात ती एकदा पुण्यात आणि एकदा कोल्हापुरात वाजवते. आप्पासाहेब दोन्हीकडे जातात आणि दोन्हीकडे बाहेर थांबतात.

दरवाजे उघडले की त्यांचे काम सुरू होते. ते वाटेतच आडवे उभे राहतात. "थांबा पावणं! कसं वाटलं? एक नंबर का दोन नंबर? खरं सांगायचं, तोंडदेखलं न्हाय!"

गेल्या वर्षी कोल्हापुरात तालमीतला एक धिप्पाड तरुण म्हणाला, "आप्पा, बोटं दिसंनात हो! नुसती पळत्यात!" तो सुटला. त्याच्यामागून आलेले दातांचे डॉक्टर मात्र अडकले. त्यांनी दुसरा भाग अंमळ लांबल्याचे मत दिले. "लांबला म्हंजे? कुठनं कापायचा त्यो? सांगा की!" डॉक्टर गाडीची किल्ली शोधू लागले. तेवढ्यात एक शिक्षिका डोळे पुसत आल्या.

"मला तर रडूच आलं, आप्पासाहेब."

"रडू बरं म्हणून, का वाईट म्हणून?"

"अहो, बरं म्हणून!"

"मग आधी तसं म्हणा की बाई! पोटात गोळा आणलासा."

माझ्या मागच्या रांगेतील ज्या दोन इसमांनी वादन चालू असताना भ्रमणध्वनीवर उसाच्या ट्रॉलीची चौकशी केली, त्यांनाही आप्पासाहेबांनी मत विचारले. यांना मत देण्याचा कोणताही अधिकार पोहोचत नाही, असे मी तेथेच ठणकावले. संयोजकांना तसे पत्रही धाडले. उत्तर अद्याप आलेले नाही. आप्पासाहेब मला समजावत होते, "असूं द्या वकीलसाहेब, अर्धं तरी कानावर पडलं असंल."

मी वकील नाही. मी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. हे मी त्यांना एकदा लेखी कळवले होते. त्याचे उत्तर तोंडी आले, "बरं, वकीलसाहेब."

यंदा पुण्याचा कार्यक्रम झाल्यावर एका समीक्षकाने वृत्तपत्रात लिहिले की, वादन निर्दोष आहे, परंतु त्यात ऊब नाही. सकाळी आप्पासाहेब ते कात्रण घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "ह्या बाबाला नोटीस धाडा."

टीका करण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे, असे मी सांगितले. नंतर त्यांच्याकडूनच कळले, हा गृहस्थ मध्यंतरातच रिक्षात बसून निघून गेला होता. दाराबाहेर उभ्या असलेल्या आप्पासाहेबांनी त्याला थांबवण्याचा प्रयत्नही केला होता. माझे रक्त तापले. ज्याने साक्ष पूर्ण ऐकली नाही त्याने निकाल देऊ नये, अशा आशयाचे चार पानी पत्र मी संपादकांना त्याच दिवशी पाठवले आणि आप्पासाहेबांना वाचून दाखवले. ते खूष झाले नाहीत.

"ते झालं हो. पण ऊब म्हंजे काय? पोरीनं वाचलंय ते. आता कोल्हापूरचं वाजवून झालं की मला इचारणार ती."

कोल्हापूरच्या कार्यक्रमाला या वेळी माझेही तिकीट त्यांनीच काढले, त्यांच्या खुर्चीशेजारचे. दारात माझा दंड धरून म्हणाले, "नीट ऐका. आणि भायेर आल्यावर मला शब्दाला शब्द सांगा. म्या तेच तिला सांगतो."

आता मात्र माझा संयम सुटला. "आप्पासाहेब, ऐकीव पुरावा कोणतेही न्यायालय ग्राह्य धरत नाही! कान आपल्याला आहेत, तिकीट आपल्यापाशी आहे. आपण स्वतः आत का बसत नाही?"

त्यांनी आवाज खाली आणला. तो त्यांना खाली आणता येतो, हे मला त्या दिवशी समजले.

"मला काय कळतंय त्यातलं? आमची सुमन व्हती तवा आत बसायचो की. तिला समदं कळायचं. टाळी कवा वाजवायची ते ती कोपरानं ढोसून सांगायची. वैजूनं इचारलं, कसं झालं, की तीच सांगायची, म्या मान डोलवायचो. ती गेली, आन् पुढच्या खेपेला म्या एकटाच आत गेलतो. मधीच टाळी वाजवली. पोरीचा हात थबकला, वकीलसाहेब. समदी माझ्याकडं वळून बघाय लागली. अजून बी वैजू इचारती. काय तरी सांगाय नको व्हय?"

मी त्यांचा हात धरून त्यांना आत नेले.

संपूर्ण कार्यक्रमभर ते दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले होते. चुकून टाळी पडू नये म्हणून. सगळे सभागृह उभे राहिल्यावरच त्यांनी हात बाहेर काढले.

नंतर रंगमंचामागे वैजयंतीभोवती घोळका होता. लय, स्पर्श, परिपक्वता हे शब्द सगळीकडून येत होते, आणि ती प्रत्येकाला नम्रपणे धन्यवाद देत होती. वडील दिसताच तिने विचारले, "आप्पा, कसं झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याजवळ उत्तर तयार होते आणि ते उत्तम बेतलेले होते. मी ते दिले नाही.

"मला काय कळलं न्हाय बघ," आप्पासाहेब म्हणाले. "पर तू दमलीस की डावा खांदा जरा खाली सोडतीस. आन् अवघड आलं की खालचा ओठ दातात धरतीस. तुझी आई सुई ओवताना धरायची तसा."

वैजयंतीने घोळक्याकडे पाठ केली. शेजारची खुर्ची ओढून तिने वडिलांना बसवले आणि स्वतः त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"आणखी काय काय बघितलंत, आप्पा?"