प्लगला आजीचा टेकू

टप्!

दुपारच्या शांततेत प्लग पुन्हा भिंतीतून निसटला आणि लॅपटॉपने डोळे मिटले. तिने ओठांवर आलेली किंकाळी गिळली. आतल्या खोलीत लेक आणि सासूबाई, दोघंही झोपली होती.

लॅपटॉप नणंदेचा. परदेशात घेतलेला, तिकडेच वापरलेला. "वहिनी, घरबसल्या काम मिळतंय ना? मग ठेव तुला," म्हणत तिने तो देऊनही टाकला. मन मोठं होतं तिचं, पण प्लगच्या पिना परमुलखातल्या. बाजारातून अडॅप्टर आणला, तर तो जड चार्जरच्या ओझ्याने लोंबायचा. बॅटरीने केव्हाच राम म्हटलेला. लेक झाल्यापासूनचं हे वहिनीचं पहिलं काम, एका पंपाच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद. संध्याकाळच्या आत गेला नाही, तर काम दुसऱ्या कुणाला जाणार होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"चिकटपट्टी लाव की!"

"संपली. तुझ्या चिरंजीवांनी खेळण्यातल्या बसला बँडेज बांधलंय."

"मग जरा गोडीगुलाबीने लावून बघ."

फोन ठेवून तिने स्टूल ओढलं. स्टुलावर पिठाचा डबा, डब्यावर जाडजूड शब्दकोश, त्यावर चार्जर. प्लग शहाण्यासारखा बसला. पानामागून पान सरकू लागलं आणि एका आडमुठ्या शब्दापाशी अडलं. सवयीने तिचा हात शब्दकोशाकडे गेला.

टप्! पाठोपाठ डबाही.

"काय गं पाडतेस सारखं?" सासूबाई दारात उभ्या. त्यांची दुपारची झोप मोडायची पाहुण्यांचीही टाप नव्हती. तिने घाबरत घाबरत सगळं सांगितलं.

"सरक." सासूबाईंनी प्लगला उशी लावली, उशीला पाठ लावली आणि फतकल मारली. "हं, कर टाइप. मी आहे."

तेवढ्यात लोटलेलं दार ढकलून शेजारीण आली. "अगं, चल ना भाजीला."

"मला उठता येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"अगंबाई! कंबर धरली?" शेजारणीने थेट काखेत हात घालून ओढायला सुरुवात केली.

"सोड, सोड! मी उठले तर हिचं काम बुडेल!"

"तापात बरळतेय गं ही!" शेजारीण सुनेकडे बघून कुजबुजली.

"बरळत नाही. बस इथे गुमान. माझी पाठ आखडली की तुझी पाळी."

ऊन कलायच्या आत अनुवाद गेला. "गेला!" ती जवळजवळ नाचलीच. मग सासूबाईंकडे बघून तिचे डोळे भरून आले. "आई, तुमची झोप..."

"झोप काय, रोजचीच आहे. पोचलं ना नीट?" सासूबाई भिंत धरून उठल्या. "पार गळून गेले बाई!"

डोळे चोळत लेक कधी येऊन उभा राहिला, कळलंच नाही. त्याने एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा आजीकडे.

"आई, हा दमला की भिंतीला लावायचा ना?"

"हो रे राजा."

"मग आजीला कुठे लावायचं?"