प्रल्हादभाऊंचा जोडपंप

प्रल्हादभाऊ मोटारपंपाला 'तुमी' म्हणतात. पंप बंद पडला की स्टार्टरचं झाकण उघडून विचारतील, "काहून रुसले तुमी? सांगा ना!" वलगावात माणूस माणसाशी इतक्या अदबीने बोलत नाही.

हा गृहस्थ भाजीपाला पिकवतो आणि उरलेल्या वेळात सॉफ्टवेअर लिहितो. फोनवरून शेतातले पंप चालवायचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. देशोदेशीची माणसं मिळून ते घडवतात, कुणीही त्यात हात घालावा. प्रल्हादभाऊंनी दोन वर्षं खपून ते मराठीत आणलं. त्यात हुकूम देणारा पंप 'मास्टर' आणि तो पाळणारे 'स्लेव्ह'. भाऊंनीही इमानदारीने 'मालक पंप', 'गुलाम पंप' लिहून टाकलं. आणि एके दिवशी त्यांनाच ते खुपलं. इंग्रजीतूनही हे शब्द काढा, 'मुख्य पंप' आणि 'जोडपंप' म्हणा, म्हणून अडूनच बसले.

पुण्याच्या एका जाणत्याने प्रकल्पाच्या ऑनलाइन चर्चेत सगळ्यांदेखत लिहिलं, "शब्द बदलून पाणी जास्त येणार आहे का?"

भाऊंनी तिथेच वऱ्हाडीत ठोकून दिलं, "पानी तेवढंच येईन. पन पेनाऱ्याचा घसा कडू नाही होनार."

शेवटी प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी कळवलं: जुने शब्द ठेवा, नाहीतर तुमचं मराठी बाहेर. मी पडलो कॉलेजात संगणक शिकवणारा, तेव्हा शहाणपणा शिकवायला गेलो. "भाऊ, एवढी मेहनत दोन शब्दांपायी घालवता?"

"मी का कोनाच्या बापाचं खातो, सर? गेली तर गेली!"

गेलीच. त्यांनी त्या सॉफ्टवेअरची आपली वेगळी प्रत काढली, तिच्यात नवे शब्द घातले आणि ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून मोकळी ठेवली. अजून कुणी फिरकलेलं नाही.

परवा त्यांच्या मळ्यात गेलो. त्यांचे वडील बांधावर फोन घेऊन बसले होते. या माणसाचं तरुणपण दुसऱ्याच्या शेतात सालदारकीत, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबण्यात गेलं. अक्षरं शिकला ती म्हातारपणी. बोट ठेवत त्यांनी वाचलं, "जो-ड-पं-प चालू." मग मला म्हणाले, "आंधी याले गुलाम म्हनत, सर. मी पोराले इचारलं, काहून रे, यालेबी सालानं ठेवलं का?" आणि हसत हसत वांग्यांकडे निघून गेले.

मला हसता येईना. आपल्याच शहाणपणाची लाज वाटली.

"आता हसून राह्यले," प्रल्हादभाऊ हळूच म्हणाले. "त्या दिवशी जेवले नाही बाबा."